मदत हवी आहे: अमेरिकेचं लायसन्स चालू, इथलं संपलेलं. पुण्यात गाडी चालवता येईल का?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं कॅलिफोर्नियात काढून आम्ही आता कायमचे पुण्याला परत आलो आहोत. आई-बाबा कोथरूडला, पौड रस्त्याच्या आतल्या गल्लीत राहतात. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि तिला फिजिओथेरपीला नेणं-आणणं सध्या माझ्याकडे आहे. बाबांना काचबिंदू आहे. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं आणि त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आहे. अंतर थोडं म्हणून रिक्षावाले नाही म्हणतात, बोलावलेली कॅब गल्लीच्या तोंडाशी येऊन रद्द होते, आणि वॉकर धरलेली आई उन्हात ताटकळत उभी राहते. मला ते बघवत नाही. गाडी दारात आहे, चालवणारी मी आहे, फक्त कागद नीट नाहीत.

कागदांची परिस्थिती अशी. कॅलिफोर्नियाचं लायसन्स चालू आहे, क्लास सी, म्हणजे मोटारीचं. पुण्याचं लायसन्स मी २००१ मध्ये कॉलेजला असताना काढलं होतं, स्कूटर आणि कार दोन्हींचं. ते जुन्या पद्धतीचं आहे. आरटीओचा गोल शिक्का अर्धा माझ्या फोटोवर, अर्धा कागदावर, आणि घडीवर अक्षरं पुसत चाललेली. त्याची मुदत २०२१ मध्ये संपली. पासपोर्ट भारतीयच आहे, आधार आहे, पत्ता आई-बाबांचाच.

ओळखीतल्या एकाने एजंटचा नंबर दिला. तो म्हणाला, "ताई, तुम्ही फक्त फोटोला या, बाकी मी बघतो." मला तसं नकोय. आईला शेजारी बसवून कर्वे रस्त्याने जायचं आहे, तर मला गाडी चालवता येते हे आधी कुणीतरी नीट तपासावं असंच मला वाटतं.

प्रश्न असे: अमेरिकेच्या लायसन्सवर काही दिवस तरी चालवता येईल का? इंटरनॅशनल परमिटचा उपयोग होईल का? की जुनं लायसन्स रिन्यू करणं बरं? त्यात इन्शुरन्सचं काय? माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, त्याच्याकडे कॅलिफोर्नियाचं प्रोव्हिजनल लायसन्स आहे आणि त्याला वाटतंय की इथेही ते चालेल. त्याबद्दलही सांगा, म्हणजे घरातला वाद एकदाचा मिटेल.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. आगाऊ आभार.

प्रतिसाद

परमिटचं आधी सांगतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत. भारत आणि अमेरिका दोघेही १९४९ च्या जिनिव्हा करारात आहेत, त्यामुळे तिथलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट इथे मानलं जातं. पण ते स्वतंत्र लायसन्स नव्हे. मूळ लायसन्स सोबत असेल तरच त्याला अर्थ, आणि मुदत एक वर्ष. ते ज्या देशाचं लायसन्स त्याच देशातून घ्यावं लागतं. अमेरिकेत सरकारने हे काम फक्त दोन संस्थांना दिलंय, त्यातली ट्रिपल ए (अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशन) सगळ्यांना माहीत आहे. इंटरनेटवर पाच-दहा वर्षांच्या मुदतीचं 'इंटरनॅशनल लायसन्स' विकणारे बरेच भेटतील. त्यांच्या नादी अजिबात लागू नका, तो कागद कुठेच चालत नाही.

दुसरं, ही सोय पाहुण्यांसाठी आहे. सुट्टीला येऊन महिनाभर गाडी चालवणाऱ्याला ठीक. तुम्ही इथे राहायला आला आहात. तुम्ही कॅलिफोर्नियात गेलात तेव्हाही हेच झालं असेल: तिथे फिरायला आलेल्याला आपलं भारतीय लायसन्स चालतं, पण रहिवासी झाल्यावर दहा दिवसांत तिथल्या लायसन्ससाठी अर्ज करावा लागतो. इकडे येतानाही तसाच विचार करा.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत, पण एक महत्त्वाची गोष्ट राहिली. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ९, पोटकलम ३ वाचा. परदेशातल्या सक्षम अधिकाऱ्याने दिलेलं लायसन्स ज्याच्याकडे आहे, त्याला त्याच प्रकारच्या वाहनाचं भारतीय लायसन्स ड्रायव्हिंग टेस्ट न देता मिळू शकतं. वैद्यकीय प्रमाणपत्राची अट आहे. तुम्ही चाळिशी ओलांडली असेल तर फॉर्म १-ए, डॉक्टरच्या सहीचा. म्हणजे कारसाठी तुम्हाला टेस्टची गरज नाही. मूळ लायसन्स, पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि त्या कलमाची छापील प्रत घेऊन संगम पुलाजवळच्या आरटीओत जा. खिडकीवर अशी प्रकरणं रोज येत नाहीत, तेव्हा प्रत हातात असलेली बरी. वाद घालू नका, शांतपणे पुढे करा.

धागाकर्ती

फार आभार, हे कलम मला कुणीच सांगितलं नव्हतं. पण 'त्याच प्रकारच्या वाहनाचं' म्हणजे स्कूटर नाही ना? क्लास सी मध्ये दुचाकी येत नाही. औषधं, बँक, भाजी यासाठी मला स्कूटर लागणारच. पौड फाट्याला संध्याकाळी कार घेऊन भाजी आणायला कोण जाईल?

प्रतिसाद

बरोबर ओळखलंत. परदेशी लायसन्सवर मिळेल ती फक्त एलएमव्ही, म्हणजे कार. दुचाकीसाठी वेगळं शिकाऊ लायसन्स आणि वेगळी टेस्ट.

म्हणूनच मी म्हणेन, जुनं लायसन्स जिवंत करा. त्यावर दोन्ही आहे. पूर्वी मुदत संपून पाच वर्षं होईपर्यंत टेस्टशिवाय नूतनीकरण व्हायचं. २०१९ च्या दुरुस्तीत ती मर्यादा एक वर्षावर आली. तुमचं २०२१ मध्ये संपलंय, म्हणजे टेस्ट द्यावीच लागेल, पण एका टेबलावर दोन्ही कामं होतील. अट एकच, ते जुनं पुस्तकी लायसन्स 'सारथी'च्या, म्हणजे लायसन्सच्या सरकारी पोर्टलच्या नोंदीत असायला हवं. आधी पोर्टलवर नंबर आणि जन्मतारीख टाकून बघा. दिसलं नाही तर आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या लायसन्सची संगणकात नोंद, करून घ्यावी लागते. तोवर ते जुनं लायसन्स लॅमिनेट करू नका आणि कुणाच्या ताब्यात देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ प्रत फक्त दाखवा.

नवीन लायसन्स तुमच्या वयाला दहा वर्षांचं मिळेल. तीस ते पन्नास वयात तोच नियम आहे.

प्रतिसाद

वाचतोय. माझीही हीच अडचण आहे, फक्त माझं लायसन्स न्यू जर्सीचं.

प्रतिसाद

मी मोटार इन्शुरन्सचे क्लेम बघतो, म्हणून कळकळीने लिहितोय. "काही दिवस तरी चालवता येईल का" हा विचार मनातून काढून टाका.

गाडी बाबांच्या नावावर आहे, बरोबर? कलम १८१ खाली विनालायसन्स चालवणाऱ्याला पाच हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तेवढ्यावर थांबत नाही. कलम १८० खाली, लायसन्स नसलेल्या माणसाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकालाही तीच शिक्षा. म्हणजे काचबिंदू झालेल्या तुमच्या बाबांचं नाव त्या कागदावर येणार.

आणि पैशांचं म्हणाल तर पॉलिसीत चालकाबद्दलचं कलम असतं: अपघाताच्या वेळी चालकाकडे वैध लायसन्स हवं. ते नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जातो. समोरच्याला इजा झाली तर न्यायाधिकरण कंपनीला आधी भरपाई द्यायला सांगू शकतं, पण नंतर ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याची मुभाही कंपनीला मिळते. माझ्यासमोर अशा फायली येतात. त्यातले बहुतेक जण चांगले चालक असतात, फक्त तारीख उलटून गेलेली असते. बंपरला लागलं तर सोडून द्या, पण चौकात कुणी आजोबा मध्ये आले तर घर विकायची वेळ येऊ शकते.

तोपर्यंत तासाच्या हिशोबाने चालक मिळतात, तो घ्या. गाडी तुमची, आई आरामात बसेल.

प्रतिसाद

मुलाचं मी सांगते, माझाही त्याच वयाचा आहे. सरळ नाही म्हणा. आपल्याकडे कारसाठी अठरा पूर्ण लागतात. सोळाव्या वर्षी परवानगी आहे ती फक्त पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीची. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर कलम १९९-ए खाली पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो. शिवाय त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला जे झालं ते पुण्यात कुणी विसरलेलं नाही. तुमचा मुलगा जबाबदार असेल, यात मला शंका नाही. तरीही कॅलिफोर्नियाचा कागद इथे त्याचं वय वाढवत नाही. अठरावा वाढदिवस झाला की त्याच आठवड्यात शिकाऊ लायसन्सला अर्ज करू द्या, आधार असेल तर ती परीक्षा घरूनही देता येते.

प्रतिसाद

ताई, टेस्टबद्दल थोडं. पुण्याची कारची टेस्ट भोसरीला, नाशिक फाट्याजवळच्या आयडीटीआर या ड्रायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर होते. ट्रॅकवर सेन्सर आहेत, त्यामुळे शेजारी बसलेल्या माणसाच्या मर्जीचा प्रश्न येत नाही. तुम्हाला नीट तपासलं जावं असं वाटतंय ना, तर हा ट्रॅक तुमच्यासाठीच आहे. इंग्रजी आठच्या आकारात गाडी फिरवणं, एचमध्ये रिव्हर्स घेणं, आणि चढावर थांबून परत निघणं. लोक नापास होतात ते चढावर. तुम्ही इतकी वर्षं ऑटोमॅटिक चालवली असणार आणि बाबांची गाडी बहुधा गिअरची. अर्धा क्लच धरून ब्रेक सोडला आणि गाडी मागे घरंगळली की संपलं. हे टेस्टच्या आदल्या दिवशी जमत नाही, पायाला सवय लागू द्या.

दुसरी सवय डावी-उजवीची. सिग्नलला वळताना अंगवळणी पडलेली बाजूच हात धरतो. रिकाम्या रस्त्यावर जास्त धोका, कारण गर्दीत बाकीच्या गाड्या बघून आपण आपोआप बरोबर बाजूला राहतो. पहाटे मोकळ्या रस्त्यावर उजवीकडे वळल्यावर सरळ समोरच्या लेनमध्ये गेलेले परतलेले लोक मी पाहिले आहेत. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी घ्या, शेजारच्याच्या पायाखालीही ब्रेक असतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. कलम १८० वाचून बाबा अर्धा तास गप्प होते, मग स्वतःच म्हणाले की ड्रायव्हर ठेवू. तसा ठेवलाही. आई मागच्या सीटवर पाय लांब करून बसते, त्यामुळे तिची एक चिंता मिटली.

मी जुनंच लायसन्स पुन्हा सुरू करणार आहे. कलम ९ च्या वाटेने कारचं लवकर झालं असतं हे खरं, पण स्कूटरसाठी परत जावंच लागलं असतं. शिवाय चढाचा मुद्दा पटला. 'सारथी'वर नंबर दिसत नाहीये, म्हणजे बॅकलॉग एंट्री आलीच. मुलाला वरचा प्रतिसाद वाचायला दिला. वाद मिटला असं म्हणता येणार नाही, पण त्याने किल्ली मागणं बंद केलंय.

आता एकच मदत हवी. कोथरूड, कर्वेनगर किंवा वारजे भागात आपल्याच गिअरच्या गाडीवर सराव करून घेणारी बाई प्रशिक्षक कुणाला माहीत आहे का? घाई न करणारी हवी. नाव-नंबर इथे न टाकता मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

प्रतिसाद

व्यनि केलाय. आणि एक, आपल्या गाडीवर सराव करायचा तर शिकाऊ लायसन्स हातात हवं, पुढे-मागे 'एल' लावलेला हवा आणि शेजारी वैध लायसन्सवालं माणूस. बाबांना शेजारी बसवून चालणार नाही, त्यांचं लायसन्स चालू असलं तरी. गरज पडली तर त्यांना गाडी थांबवता आली पाहिजे.