फुंदोशीला मराठीत काय म्हणावं?

आळशी_भाषांतरी: जपानमधल्या ओकायामातल्या साइदाइजी देवळाच्या 'हादाका मात्सुरी'वरच्या, म्हणजे उघड्यांच्या उत्सवावरच्या, माहितीपटाची मराठी उपशीर्षकं करतोय. फेब्रुवारीच्या थंडीत हजारो पुरुष नुसती फुंदोशी नेसून देवळात लोटतात. मी 'लंगोट' लिहिलं. संपादकबाई म्हणतात, लंगोट तालमीत, देवळात 'कौपीन' करा. कौपीन म्हटलं की मला बैरागीच दिसतो!

लाल_माती: लंगोटच. फक्त आपला लंगोट शिवलेला, तिकोनी, नाड्यांचा. रोकुशाकु फुंदोशी म्हणजे नुसता लांब पट्टा. रोकु म्हणजे सहा, शाकु म्हणजे साधारण फूट. मागे पीळ देऊन खोचतात.

घाटाखालची: मग कासोटा म्हणा की.

लाल_माती: ताई, कासोटा धोतराचा असतो. नुसता कासोटा कोण नेसतं?

तोक्योकर: एच्चू फुंदोशी मात्र आपल्या लंगोटीची बहीण. कंबरेला नाडी, पट्टा तिच्यातून काढून पुढे पदरासारखा सोडायचा. आजोबांची लंगोटी अशीच करगोट्यात अडकवलेली असे. जपानीत 'फुंदोशी आवळणे' म्हणजे थेट आपलं कंबर कसणे. आणि 'दुसऱ्याच्या फुंदोशीवर सुमो खेळणे' म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र!

शुद्धमती: छे. तुळशीपत्रात फुकटचं औदार्य आहे. सुमोवाल्याला स्वतःचा फायदा उपटायचाय. 'आयत्या बिळावर नागोबा' म्हणा.

घाटाखालची: बायकांच्या कोशिमाकीला काय? परकर?

तोक्योकर: परकराला नेफा असतो, ही गुंडाळतात. कोशि म्हणजे कंबर, माकी म्हणजे गुंडाळणं. खरी गंमत 'जुबान'ची. किमोनोखालचा अंगरखा तो. शब्द पोर्तुगीज 'जिबाँव'वरून आला, त्याचं मूळ अरबी 'जुब्बा'. म्हणजे किमोनोखालचं नागाजुबान (लांब जुबान) आणि आपला झब्बा भाऊबंद!

शुद्धमती: म्हणूनच म्हणते, असले उपरे शब्द नकोत. कौपीन संस्कृत आहे, निर्मळ आहे.

लाल_माती: मग पायजमाही उतरवा, तो फारसी आहे. आणि लंगोट कुठे उपरा? मूळ 'लिंगपट्ट'.

शुद्धमती: हे तर उपशीर्षकात मुळीच नको!

आळशी_भाषांतरी: मंडळी, उद्या सकाळी फाइल द्यायची आहे. लंगोट ठेवू ना?

लाल_माती: ठेवा. पण 'नेसून' लिहू नका हो, लंगोट कसतात.

घाटाखालची: आमच्याकडे लावतात.