एअर फोर्सची भरती आणि कंट्री गाणी: या तबकड्यांचं काय प्रकरण आहे?

खरखर_डेटनकर

मंडळी, जुन्या रेकॉर्डींचे जाणकार इथे बरेच आहेत म्हणून विचारतो.

मी ओहायोतल्या डेटनला राहतो. इकडे माणूस गेला की त्याच्या घरातलं सामान घरातच मांडून विकतात, त्याला इस्टेट सेल म्हणतात. आपल्याला सुरुवातीला कसंसंच होतं, मग सवय होते. गेल्या शनिवारी अशाच एका घरी गेलो. गेलेले गृहस्थ कुठल्याशा लहान रेडिओ स्टेशनवर इंजिनियर होते. बेसमेंटमध्ये दुधाच्या बाटल्यांचा क्रेट, त्यात ३१ एलपी, साध्या तपकिरी पाकिटात. त्यांच्या मुलीने वीस डॉलर सांगितले, मी पंधरा म्हटलं, ती म्हणाली न्या एकदाचं.

घरी येऊन बघतो तर सगळ्या एकाच मालिकेच्या. लेबलवर युनायटेड स्टेट्स एअर फोर्स, कार्यक्रमाचं नाव 'कंट्री म्युझिक टाइम' (कंट्री म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून आलेलं लोकप्रिय संगीत), क्रमांक, गायकाचं नाव, वेळ चौदा मिनिटं आणि वर काही सेकंद. विक्रीसाठी नाही अशी तंबीही.

लावून बघितली. स्टील गिटारची ती रडवेली लांब मींड, मागे फिडल. निवेदक पाहुण्याशी दोन शब्द बोलतो, दोन गाणी होतात. मग निवेदकाचा आवाज एकदम मायाळू होतो. एअर फोर्समध्ये हातात कसब येईल, जग बघायला मिळेल, जवळच्या भरती अधिकाऱ्याला जाऊन भेटा. आणि त्याला चिकटून तिसरं गाणं, तेही घर सोडून गेलेल्या, आईच्या आठवणीने झुरणाऱ्या पोराचं! मी एकटाच बेसमेंटमध्ये खो खो हसत होतो, बायको वरून विचारतेय काय झालं.

तर प्रश्न असे. स्टेशनवाले हे का वाजवायचे, पैसे मिळायचे का? कंट्रीच का? गायकांवर सक्ती होती का? आणि पाकिटांवर पेन्सिलने बारीक खुणा आहेत, '६:१५' आणि पुढे बरोबरची खूण, त्या कशाच्या?

जुनी_सुई

वा, घबाड लागलंय. मी आकाशवाणीत तांत्रिक बाजूला सव्वीस वर्षं काढली, त्यामुळे असल्या तबकड्यांचं वेड आहे. जमेल तसं सांगतो.

पैसे मिळायचे नाहीत. उलट तबकडी फुकट घरपोच यायची. अमेरिकेत स्टेशनचं लायसन्स तेव्हा दर तीन वर्षांनी नव्याने घ्यावं लागे, आणि त्या वेळी सार्वजनिक सेवेला किती वेळ दिला ते दाखवावं लागे. लहान स्टेशनला स्वतःचा कार्यक्रम करायचा म्हणजे माणूस हवा, गायक हवा, खर्च हवा. त्यापेक्षा ही आयती पंधरा मिनिटं सोयीची. कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलचा नावाजलेला गायक गातोय, ऐकणारा खूश, आणि वहीत 'सार्वजनिक सेवा' म्हणून नोंद. फक्त जो वेळ जाहिरातदाराला विकता येतो तो कशाला द्या? म्हणून रविवारी पहाटे, नाहीतर रात्री उशिरा. तुमचं ६:१५ बहुधा सकाळचंच. वाजवली की खूण करायची.

आता एक गंमत करा. सुई टेकल्यावर पहिल्या दोन-तीन सेकंदांत जास्त खरखर आहे का बघा. आम्ही कार्यक्रम अचूक सुरू व्हावा म्हणून पहिला स्वर येईपर्यंत तबकडी हाताने पुढे-मागे करायचो, मग अर्धा फेरा मागे घेऊन धरून ठेवायची. त्या घासण्याने सुरुवातीची खाच झिजते. खरखर असेल तर ती तबकडी खरंच रेडिओवर वाजली. नसेल आणि तरी खूण असेल, तर तुमच्या इंजिनियरसाहेबांनी न वाजवताच खूण केलीय!

कंट्रीच का, तर फक्त कंट्री नव्हतं. एअर फोर्सचाच 'सेरेनेड इन ब्लू' होता, तो वाद्यवृंदाचा. पण दक्षिणेकडच्या आणि शेतीवाडीच्या भागातल्या अठरा-एकोणीसच्या पोरापर्यंत जायचं तर तो ऐकतो तेच वाजवायला हवं. शिवाय सगळी दलं एकाच पोराच्या मागे. लष्कराचा 'कंट्री स्टाइल यूएसए', नौदलाचा 'नेव्ही होडाउन'. लष्कराच्या कार्यक्रमाची तर १९५७ च्या सुमारास टीव्हीसाठी फिल्मसुद्धा निघाली. ती नॅशव्हिलमध्ये ओवेन ब्रॅडलीच्या स्टुडिओत व्हायची, आणि तो स्टुडिओ म्हणजे क्वॉन्सेट हट. युद्धात सैनिकांना राहायला, सामान ठेवायला उभारायचे ना अर्धगोल पत्र्याचे शेड, तसलं शेड. लष्कराची जाहिरात लष्करी पत्र्याखालीच. त्या फिल्मा जर्मनीच्या बेअर फॅमिली कंपनीने डीव्हीडीवर काढल्यात, मिळाल्या तर जरूर बघा.

सक्ती म्हणाल तर एरवी नव्हती. गायकालाही नवं गाणं गावोगावच्या स्टेशनांवर फुकट वाजलेलं हवंच असतं. पण कंट्री गायक फॅरन यंगचं बघा. १९५२ च्या शेवटी गडी नुकता कुठे चमकायला लागला होता आणि सक्तीच्या भरतीत उचलला गेला. पुढची दोन वर्षं लष्करात. तिथे बंदूक कमी आणि गाणंच जास्त, त्यात भरतीचे कार्यक्रमही आले. म्हणजे स्वतः नाइलाजाने आलेला माणूस इतरांना सांगतोय, या, आपखुशीने या. पुढे कंट्रीचा बडा गायक झालेला जॉनी कॅश मात्र उलट. तो १९५० साली आपणहून एअर फोर्समध्ये गेला, जर्मनीत लांड्सबर्गला बसून रशियनांचे मोर्स संदेश टिपायचा, आणि गिटारही तिथेच घेतली.

वसईचा_पाव

पेटीत जिम रीव्हज आहे का हो? आमच्या आजोबांकडे रविवारी मिस्सावरून आलं की जिम रीव्हज लागायचाच. इंग्रजी फारसं न येणारी आमची आजीही सोबत गुणगुणायची. असला तर मला कॉपी हवी, भरतीच्या जाहिरातीसकट चालेल.

खरखर_डेटनकर

नाही हो, सगळी पाकिटं दोनदा बघितली.

@जुनी_सुई, काका, खरखर तपासली. पहिल्या आठांपैकी पाचांत आहे, तिघांत नाही. खूण आठांवरही!

काडी_लाव

थोडक्यात प्रोपगंडा. गाण्याच्या पुडीत गोळी. इतकं कौतुक कशाला?

एकोणसत्तरचा_पाहुणा

काडी_लाव, बाळा, गोळी मी चाखलेली आहे म्हणून लिहितो. एरवी मी इथे फक्त वाचत असतो.

मी १९६९ च्या उन्हाळ्यात ग्रीन कार्डावर डेटनला गेलो. वय चोवीस, पुण्याची इंजिनियरिंगची पदवी, खिशात मोजके डॉलर. पहिल्याच आठवड्यात ऑफिसातल्या एकाने विचारलं, ड्राफ्ट बोर्डात, म्हणजे सक्तीच्या लष्करभरतीच्या कचेरीत, नाव नोंदवलंस का? मला वाटलं मस्करी करतोय. आम्हाला कोण बोलावतंय लढाईला? पण कायदा तसाच होता. शिक्षणासाठी व्हिसावर आलेल्यांना सूट, पण ग्रीन कार्डवाला सव्वीसच्या आतला पुरुष म्हणजे नोंदणी सक्तीची. गेलो, फॉर्म भरला. समोरच्या बाईंनी माझं आडनाव तीन वेळा विचारलं आणि तरी चुकीचं लिहिलं. वडिलांना पत्रात यातलं एक अक्षर कळवलं नाही.

मी एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायचो. स्वयंपाकघरात त्यांचा रेडिओ, रविवारी सकाळी चालूच असायचा. तिथे मी हा कार्यक्रम ऐकलाय. नाव तेव्हा लक्षात राहिलं नव्हतं, तुमचा धागा वाचून लागलं. त्या पॅनकेक करायच्या, मी पातेल्यात चहा उकळायचा, आणि रेडिओवर ती स्टील गिटार. मला ती आवडायची, आपल्या मींडेच्या जवळची वाटायची. मधलं बोलणं मी कितीतरी दिवस साबणाची जाहिरात समजून कानाआड केलं.

ते कळलं एका सहकाऱ्यामुळे. केंटकीचा मुलगा, वीस-एकवीसचा. तो म्हणाला, या जाहिरातीत एक गोष्ट बोलत नाहीत, ती आम्हाला आपोआप ऐकू येते. ड्राफ्टमध्ये नाव निघालं तर लष्कर, दोन वर्षं, आणि तेव्हा लष्कर म्हणजे बहुतेक व्हिएतनामचं रान. एअर फोर्स ड्राफ्टमधून माणसं घेतच नसे. तिथे आपणहून जायचं, चार वर्षांसाठी, पण विमानाचं इंजिन नाहीतर रडार शिकायला मिळण्याची आशा. तेव्हा निवेदक म्हणतो 'कसब शिका', आणि पोरगा ऐकतो 'चिखलातून वाचा'. दोन वर्षांच्या बदल्यात चार. तो गेला एअर फोर्समध्ये. ख्रिसमसला त्याचं कार्ड यायचं, टेक्सासहून, मग थायलंडहून.

१ डिसेंबर १९६९ ला संध्याकाळी ड्राफ्टची लॉटरी निघाली. ज्याची जन्मतारीख आधी निघेल, त्याला आधी बोलावणार. वर्षाच्या ३६६ तारखा निळ्या प्लास्टिकच्या कुप्यांत घालून काचेच्या बरणीत ठेवल्या होत्या आणि हाताने एकेक काढत होते. १९४४ ते १९५० मध्ये जन्मलेल्या सगळ्यांसाठी. पहिली निघाली १४ सप्टेंबर. मी आणि घरमालकीणबाई टीव्हीसमोर. माझी तारीख काही केल्या येईना. बाई प्रत्येक कुपीला माझ्याकडे बघायच्या, मी मान हलवायचो. शेवटी तीनशेच्या पुढचा आकडा आला. पुढच्या वर्षी १९५ पर्यंतच बोलावलं, म्हणजे मी सुटलो. बाईंनी रात्री साडेनऊला ॲपल पाय ओव्हनमध्ये टाकला. १९७३ ला ड्राफ्टच बंद झाला.

तर प्रोपगंडा होताच. पण ज्याच्या गळ्याशी आलेलं असतं, त्याला त्यातही दोरी दिसते. तुम्ही आज बसून नावं ठेवा, माझी हरकत नाही.

काडी_लाव

काका, मागे घेतो. दोन विरुद्ध चारचा हिशेब डोक्यातच आला नव्हता.

जुनी_सुई

पाहुणेसाहेब, हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही आपले खाचा मोजत बसलो.

डेटनकर, डिजिटल करून ठेवाच. आधी डिस्टिल्ड पाण्यात दोन थेंब भांड्याचा साबण, मऊ कापड, खाचेच्या दिशेने गोल पुसा, आडवं नाही, आणि लेबल भिजू देऊ नका. पेन्सिलच्या खुणांचे फोटो वेगळे काढा. लगेच जालावर मात्र चढवू नका. सरकारी तबकडी म्हणजे हक्कमुक्त, असं सरळ नसतं. आतली गाणी कोणाची तरी आहेत.

खरखर_डेटनकर

धुतल्या. एकतीसपैकी एकोणतीस नीट वाजतात, एक वाकलीय, एकीला तडा.

पाहुणेकाका, फोटो काढताना एका पाकिटावर मागच्या बाजूला खूण सापडली. '११/३०, रवि., ६:१५'. वर्ष नाही. कॅलेंडर लावून बघितलं. ३० नोव्हेंबर रविवारी १९५८ ला येतो, १९६९ ला येतो आणि १९७५ लाही. १९६९ चा असेल तर तुमच्या लॉटरीच्या आदल्या सकाळचा. खात्री देता येत नाही. सुरुवातीला खरखर आहे, म्हणजे वाजली मात्र नक्की.

एकोणसत्तरचा_पाहुणा

वर्ष कोणतं का असेना, पाठव. मेलवर फाइल मोठी होत असेल तर नातू फोनवर उतरवून देईल.