नुसता दुभाषा नव्हे

प्रदेशतज्ज्ञ लष्करी अधिकारी, म्हणजे एखाद्या परक्या मुलखाची भाषा आणि माणसं जाणणारा अधिकारी, हा गणवेशातला दुभाषाच, हे मत मला अजिबात पटत नाही. अमेरिकी लष्कर कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरीच्या आपल्या भाषासंस्थेत अरबी किंवा चिनी शिकवायला ६४ आठवडे देतं हे खरं, पण खरं शिक्षण पुढे, त्या मुलखात राहून होतं.

अमेरिकी सेनानी जोसेफ स्टिलवेल यांचंच बघा. १९२० साली ते चिनी शिकायला पेकिंगला (आजच्या बीजिंगला) गेले आणि पुढच्याच वर्षी शान्सी प्रांतात दुष्काळी कामातला रस्ता बांधायला लागले. मजुरांशी, गावकऱ्यांशी रोजची गाठ. कोणाचा शब्द चालतो, कोण नुसती मान डोलावतो, हे असंच उमगतं. अनियमित युद्धात, म्हणजे गनिमी लढाईत, आणि वाटाघाटीतही हेच कामी येतं.

अर्थात एवढं असूनही तेव्हाचे चीनचे नेते च्यांग कै-शेक यांच्याशी स्टिलवेल यांचं बिनसलं आणि ऑक्टोबर १९४४ मध्ये स्टिलवेल यांना चीनमधून परत बोलावलं गेलं. म्हणून निवडताना स्वभावही पारखायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आणि हो, ही माणसं आधीपासून घडवावी लागतात. अफगाणिस्तान-पाकिस्तानसाठी अमेरिकेने असा खास गट उभारायला घेतला तो २००९ मध्ये, युद्धाला आठ वर्षं होत आल्यावर!