जुन्या छोट्या गाडीत नवं दमदार इंजिन : ज्यांनी बसवलं त्यांनी लिहा

शेडमधली फियाट, गंगापूर रोड

बाबांची फियाट 1978 ची. कागदावर प्रीमियर पद्मिनी, पण आमच्या घरात ते नाव कोणी कधी घेतलं नाही. 1089 सीसी, चाळीसेक घोडे, गिअरची दांडी स्टीअरिंगला. गेल्या मे महिन्यात मुंबईहून परतताना कसारा घाटात दोनदा बसली. बाबांचाच उपाय केला, इंजिनाला पेट्रोल देणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकलं आणि अर्धा तास दरीकडे बघत वडापाव खाल्ला. मुलगा म्हणाला, "बाबा, हिच्यात ईको व्हॅनचं इंजिन टाकू. बाराशे सीसी, सत्तरच्या वर घोडे, ताकद मागच्याच चाकांना. घाट लागला हेसुद्धा कळणार नाही."

मी त्याला झापलं. रात्री मात्र टेप घेऊन शेडमध्ये मीच गेलो होतो.

म्हणून हा धागा. जुन्या छोट्या गाडीत ज्यांनी नवं इंजिन बसवलं, बसवायला घेऊन सोडून दिलं किंवा बसवून पस्तावले, त्यांनी लिहा. व्हिडिओत बघितलेलं नको. खर्चाचा आकडा लिहायला लाजू नका, बायका हा धागा वाचत नाहीत.


गॅलरीतलं इंजिन

वाचतात.

आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटच्या गॅलरीत तीन वर्षं एस्टीमचं इंजिन होतं. यांच्या 1986 च्या मारुती 800 मध्ये जाणार होतं. लिफ्टमध्ये चढेना म्हणून चार माणसांनी दोरखंड बांधून दुसऱ्या मजल्यावर आणलं. पहिल्या पावसाळ्यात मी त्यावर ताडपत्री टाकली, दुसऱ्या पावसाळ्यात कुरडयांचं सूप ठेवलं. तिसऱ्या वर्षी भंगारवाल्याला किलोवर दिलं आणि आलेल्या पैशांत गॅलरीला ग्रिल केलं. 800 अजून आहे, जुन्याच इंजिनावर. भाजी आणायला मीच नेते.


दांडीवाला, नाशिकरोड

मी केलंय, माझ्या फियाटमध्ये. 2015 च्या सिंहस्थात काम काढलं, पुढच्या दिवाळीला गाडी रस्त्यावर आली.

मारुती जिप्सीचं 1.3 एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनचं इंजिन घेतलं. ते का, हे आधी सांगतो, कारण ईकोवाले मला नेहमी वेड्यात काढतात. जिप्सीचा गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) वेगवेगळे असतात, मध्ये आखूडसा शाफ्ट. ट्रान्सफर केस बाजूला ठेवली की हातात उरतो तो मागच्या चाकांसाठीचा सरळसोट पाच गिअरचा गिअरबॉक्स. इंजिनही फियाटसारखंच लांबीत बसतं. घोडे 80, म्हणजे आपल्या दुप्पट. कुर्ल्याला सीएसटी रोडवर दोन दिवस घासाघीस करून इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग आणि ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) असा जोड 62 हजारांत उचलला. वायरिंग कापलेलं घेऊ नका. कनेक्टरपासून चार बोटांवर कापलेल्या तारा जोडायला आमच्या इलेक्ट्रिशियनला तेरा दिवस लागले, मी शेजारी बॅटरी धरून उभा.

इंजिन बसायला फार त्रास झाला नाही. सम्प (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) पुढच्या क्रॉसमेंबरला (गाडीखालच्या आडव्या पट्टीला) टेकत होता, तो कापून पुन्हा वेल्ड केला. गिअरची दांडी स्टीअरिंगवरून जमिनीवर आली, त्यासाठी पत्र्याला भोक पाडावं लागलं. (ते भोक पाडताना मी बाहेर जाऊन उभा राहिलो. खोटं कशाला सांगू.) मागच्या चाकांना ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करून घेतला. कार्बोरेटरला पुरणारा जुना पंप इंजेक्शनच्या इंजिनाला चालत नाही, म्हणून टाकीत दाबाचा विजेवरचा पंप आणि उरलेलं पेट्रोल परत टाकीत आणणारी वेगळी नळी. रेडिएटर मोठा.

पहिली चक्कर त्र्यंबक रोडला. महिरावणीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, पाय दाबला. स्पीडोमीटरचा काटा शून्यावर! जिप्सीत स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसला लागते, आणि ती माझ्या माळ्यावर. शेजारी बसलेल्या मेव्हण्याच्या मोबाइलवर 104 दिसत होते. तेवढ्यात टमाट्याच्या एका पिकअपने न सांगता वळण घेतलं. मी ब्रेक मारला. चारही चाकांना ड्रम, आणि तेही चाळीस घोड्यांच्या हिशेबाने बनवलेले. गाडी थांबली, पण शेतात. मेव्हणा शांतपणे उतरला, दरवाजा लावला आणि येताना एसटीने आला.

पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, बूस्टर, नवा मास्टर सिलिंडर, आणखी 38 हजार. मग मागच्या चाकांमधलं डिफरन्शियल गुणगुणायला लागलं, त्यातली क्राउन-पिनियनची दातेरी जोडी. असं करत एक लाख 90 हजारांवर गेलो. गाडी पळते हो, त्यात वाद नाही. घाट चौथ्यात चढते. पण पूर्वी मी कॉलनीच्या कोपऱ्यावर वळलो की आई आवाजावरून चहा टाकायची. आता दारात येऊन बेल वाजवावी लागते.


शेडमधली फियाट

मेव्हण्याशी बोलणं सुरू झालं का?


दांडीवाला

लग्नकार्यात भेटतो. स्वतःच्या गाडीने येतो.


अंबडचा लेथवाला

एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन-तीन महिन्यांतून एखादा येतो आणि म्हणतो, हे इंजिन, हा गिअरबॉक्स, मध्ये अडॅप्टर प्लेट मारून द्या. भोकं काय, कोणीही जुळवेल. क्रँकचं सेंटर आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सेंटर एका रेषेत आलं की नाही, हे बघायला कोणी थांबत नाही. एकाची प्लेट दुसरीकडे बनली होती, क्लच थरथरतो म्हणून माझ्याकडे आला. फ्लायव्हीलवर डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) बांधून बेल हाऊसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) बोअरमधून फिरवला तर काटा 0.4 मिलिमीटर हलला. तो म्हणाला, एवढंसंच ना? अहो, ते एवढंसं मिनिटाला तीन हजार वेळा फिरतं. चार महिन्यांत त्याच्या पायलट बेअरिंगचा भुगा झाला होता आणि क्लच प्लेटचे आतले दात गुळगुळीत. जागा पक्की धरणाऱ्या डॉवेल पिना लावून प्लेट नव्याने केली.

जिप्सीवाल्यांनी इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच गाडीचा घेतला, ते बरं केलं. माझा धंदा बुडाला, पण बरं केलं.


ईकोची किल्ली

ईको घेणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. इंजिनाबरोबर ईसीएम घ्याल, वायरिंग घ्याल, पण त्याच गाडीची किल्ली आणि ती ओळखणारा इमोबिलायझरचा डबा घेतला का? मी नाही घेतला. स्टार्टर फिरतो, पेट्रोल येतं, गाडी सुरू होत नाही, कारण ईसीएमला किल्ली ओळखीची वाटत नाही. मूळ गाडी तोवर दाबून पत्रा झाली होती. सहा महिने गेले आणि शेवटी दुसरा संच विकत घेतला.


निफाडकर

हे आत्ताचं खूळ नाही, भाऊ. आमच्या वडिलांनी 1990 च्या सुमारास फियाटचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाकलं. तेव्हा हौस नव्हती, हिशोब होता. डिझेल निम्म्याच्या आसपास, द्राक्षाच्या बागेसाठी ड्रम भरलेलाच असायचा. पुढं कंपनीची डिझेल पद्मिनीही आली, 1366 सीसीची, पण ती घ्यायला पैसे कुणाकडं होते? आमचं ते इंजिन पंप चालवायच्या जातीचं, वजनाला भारी. गाडी नाक खाली घालून उभी राहायची, बैल पाणी पिताना दिसतो तशी. पुढच्या स्प्रिंगाखाली वॉशर घालून उचलली, तर वर्षभरात क्रॉसमेंबरला चीर. आरशात बघून उपयोग नव्हता, आरसा एवढा हलायचा की मागं ट्रक आहे का देवळाचा कळस, समजत नसे. तरी नऊ वर्षं वापरली. त्याच गाडीतून माझी वरात निघाली, बँड लावायची गरज पडली नाही.


मिनीवाला (मूळ पंचवटी)

कामानिमित्त काही वर्षं बर्मिंगहॅमला होतो. 1959 च्या त्या जुन्या मिनीचा लॉंगब्रिजचा कारखाना तिथेच. ऑफिसमधल्या एकाच्या मिनीत होंडाचं 1.6 व्हीटेक इंजिन होतं. मूळ मिनी 848 सीसीची, 34 घोड्यांची, आणि तिचा गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, त्याच तेलात. त्यामुळे नुसतं इंजिन बदलणं शक्यच नसतं, दोन्ही एकदम काढावे लागतात. तिथे त्यासाठी आख्खी पुढची सबफ्रेम (इंजिन धरणारा सांगाडा) तयार विकत मिळते, त्यातच नवे माउंटिंग. चाकं दहा इंचांची, त्यांत मोठे ब्रेक मावेनात म्हणून तेरा इंची. बॉनेटही थोडं पुढे ओढलेलं. एकदा मला बसवून नेलं. दुसऱ्या गिअरला त्याने पाय दाबला आणि गाडी स्वतःच्या मनाने डावीकडे गेली. स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरून तो हसत होता, मी मनात रामरक्षा म्हणत होतो.


आरसी आधी बघा

मजा चालू द्या, पण एक कोरडी गोष्ट. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात तेच ठामपणे मांडलं. जुनं इंजिन बाद झालं तर त्याच जातीचं दुसरं, आधी परवानगी घेऊन आणि आरसीवर नवा नंबर चढवून, ही वाट आहे. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीचा मान्यताप्राप्त संच हीसुद्धा आहे. फियाटमध्ये जिप्सीचं इंजिन यांपैकी कशातच बसत नाही. अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर बॉनेट उघडून इंजिन नंबर बघतो. माझ्या भावाचा क्लेम तिथेच अडकला, अजून अडकलाय.

दुसरं. 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, मात्र चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. धागाकर्ते, तुमची 1978 ची. गणित तुम्हीच करा.


दांडीवाला

व्हीए घेतली की रोजच्या वापराला बंदी, तेही सांगा ना. प्रदर्शनाला न्यायची, रॅलीला न्यायची, एरवी झाकून ठेवायची. मग गाडी कशाला, फोटो लावा भिंतीवर.


आरसी आधी बघा

फोटो शेतात जात नाही.


शेडमधली फियाट

सगळं वाचलं, मुलालाही वाचायला लावलं. त्याने 2028 पर्यंतचे महिने मोजले आणि गप्प बसला. ईकोवाल्याला दिलेला पाच हजारांचा इसार बुडवायचं ठरवलंय. रविवारी हेड उघडतोय. टॅपेट वाजतात, तिसऱ्या सिलिंडरला कॉम्प्रेशन कमी आहे, रिंगा असतील. पंपाचं डायफ्रॅमही बदलतो. कार्बोरेटर सॉलेक्स, त्याचं किट नाशकात कोणाकडे मिळेल?


दांडीवाला

माझं मूळ इंजिन माळ्यावर आहे, कार्बोरेटरसकट. ट्रान्सफर केसच्या मागे. दोन वर्षांपूर्वी हाताने फिरवून बघितलं होतं, फिरत होतं. कार्बोरेटर घेऊन जा, इंजिन मात्र मागू नका. त्याचं काय करायचं ते माझं अजून ठरत नाहीये.