मदत हवी आहे: पायांच्या सर्वेसाठी प्रश्न कसे विचारायचे?

नमस्कार मंडळी, मी नाशिकला कम्युनिटी हेल्थ शिकतेय आणि प्रोजेक्टसाठी पेठ, सुरगाणा साइडच्या पाड्यांवर पायांच्या आजारांचा सर्वे करायचाय. परवा ट्रायल म्हणून पाच-सहा घरी गेले तर "पायाला काही त्रास?" विचारलं की सगळ्या बायकांचं उत्तर एकच, काही नाही ताई, आणि चप्पल काढायला लावली तर बोटांमध्ये चिखल्या, टाचेला रक्त येईपर्यंत भेगा, एकीच्या पोटरीवर शिरांच्या गाठी!! भाताच्या आवणीत दिवसभर चिखलात उभं राहायचं म्हणजे हे होणारच, असं धरूनच चालतात बहुतेक.

तर प्रश्न असा की फॉर्ममध्ये "फंगल इन्फेक्शन", "व्हेरिकोज व्हेन्स" न लिहिता चिखल्या, कुरूप, जळवात, मुंग्या असे शब्द टाकले तर चालेल का, गाइडला पटेल का? आणि पाड्यांवर यातलं नक्की काय म्हणतात? शुगरवाल्यांच्या पायाची संवेदना तपासायला 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट (तळव्याला टेकवून स्पर्श कळतो का ते बघायचा नायलॉनचा धागा) लागतो, तो नाशकात कुठे स्वस्तात मिळेल? फोटो काढायला संमती कशी घेता, अंगठा की सही? आशाताईंसोबत काम केलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा, आवणी संपायच्या आत जायचंय.