पोहता येत नाही, तरी मालवणला स्कुबा करू का?

रंकाळ्याकाठचा
नमस्कार मंडळी, डिसेंबरात आम्ही घरची चौघं तारकर्लीला चाललोय. पोरगी ११ वर्षांची, तिनं रील्स बघून स्कुबाचा हट्टच धरलाय आणि मला तर विहिरीतसुद्धा पोहता येत नाही. बोटवाले म्हणतात काही गरज नाही. खरंच का? कानाचं काय, आणि पाठीवरचा ऑक्सिजन मधेच संपला तर? घरात बायको आत्तापासूनच नको म्हणायला लागलीय.

दांडीकर
येवा येवा! ट्राय डाइव्हला (नवख्यांसाठीची चाखून बघायची डुबकी) पोहता नाही आलं तरी चालतं, आधी उथळ पाण्यात तोंडाने श्वास घ्यायला शिकवतात मग खाली नेतात आणि इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ धरून असतो. फक्त तारीख ठरवताना तिथी बघा, हे कोण सांगत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तळाची रेती ढवळते आणि पुढचं काही नीट दिसत नाही, अष्टमीच्या आसपास भांग (भरती-ओहोटी कमी) असतो तेव्हा पाणी त्यातल्या त्यात निवळ. अंदमानसारखं निळंशार काही मिळणार नाही हां, रीलवर जाऊ नका, पण किल्ल्याजवळच्या खडकांवर मासे बक्कळ. आणि खाली गेल्यावर खूश होऊन अंगठा दाखवू नका!! अंगठा म्हणजे 'वर चला', आमची पोरं लगेच वर घेऊन येतात. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा.

व्हॉल्व्हवाला
टाकीत ऑक्सिजन नसतो हो, आपली साधी हवाच, दाबून भरलेली. १२ लिटरच्या टाकीत २०० बारला (बार म्हणजे दाबाचं माप) साधारण २,४०० लिटर हवा बसते. मिनिटाला २० लिटर धरली तर वर २ तास, पण १० मीटरवर दाब दुप्पट म्हणून तिथे तासभरच, शिवाय ५० बार शिल्लक ठेवून वर यायचं असतं. ट्राय डाइव्ह त्याच्या कितीतरी आधी संपते.

खरी भानगड श्वास रोखण्याची आहे. १० मीटरवर छाती भरून घेतली आणि तोंड मिटून वर आलात तर तीच हवा दुप्पट जागा मागते, फुप्फुस फाटू शकतं. विहिरीत सूर मारणारा वरचीच हवा घेऊन जातो म्हणून त्याला हा त्रास नाही, आणि म्हणूनच पट्टीच्या पोहणाऱ्यांना श्वास रोखायची सवय मोडावी लागते, तुमचं उलट बरंय!

टाकीतली हवा तोंडाला देणारं हे यंत्र १९४३ चं. त्याआधी १८३० च्या दशकापासून ऑगस्टस सीब नावाच्या कारागिराचा हेल्मेटवाला पोशाख होता, वरून पंपाने हवा आणि पाणबुड्या नळीला बांधलेला. युद्धात फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेना तेव्हा एमिल गान्यान नावाच्या इंजिनीअरने गाड्या गॅसवर चालवायला एक व्हॉल्व्ह केला होता, तोच नौदलातल्या झाक कुस्तोबरोबर सुधारून माणसाच्या तोंडाला लावला. ओढली की तेवढीच हवा येते, आणि तीही आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाने.

रंकाळ्याकाठचा
भारी माहिती. कानाचं राहिलं. आणि आम्ही सकाळी स्कुबा करून दुपारी आंबोलीमार्गे कोल्हापूर गाठणार होतो, चालेल ना?

खारंवारं
कानाला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, आणि दुखायला लागायच्या आधीच, दर मीटरभराला. सर्दी असेल तर सरळ रद्द करा. दमा, हार्ट, कानाचं ऑपरेशन असलं काही असेल तर फॉर्मवर लपवू नका, आधी डॉक्टरला विचारा.

घाटाचं बरं विचारलंत, हे बहुतेकांच्या डोक्यातच नसतं. दाबाखाली नायट्रोजन अंगात विरघळतो आणि दाब झटकन उतरला की त्याचे बुडबुडे होतात, पूर्वी पुलाच्या पायाखाली दाबाच्या हवेत काम करणारे मजूर यानेच लुळे पडायचे, मग हॉल्डेन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये वर यायचे तक्ते छापले. विमानासाठी एका डाइव्हनंतर १२ तास, जास्त झाल्या तर १८ तास थांबा म्हणतात आणि हा हिशोब साधारण ६०० मीटर उंचीच्या वर लावतात, कारण उंचावर हवेचा दाब कमी. आंबोली ६९० च्या आसपास. ट्राय डाइव्ह उथळ असते, धोका कमीच, पण मी तरी त्या दिवशी घाट चढणार नाही. रात्री सुरमई हाणा, सकाळी निघा.

दांडीकर
+१. पोरीला चालेल, १० च्या पुढे घेतात. आवडलंच तर तारकर्लीला एमटीडीसीच्या सेंटरवर रीतसर कोर्सपण होतो, पण त्याला मात्र पोहता यायला हवं.