‘आपल्या माणसाकडून पार्ट घ्या’ म्हणणाऱ्यांनो, एकदा माझ्यासोबत काउंटरवर उभे राहा

काळी_पल्सर:
परवा इथे एकांनी लिहिलं की गाडीचे पार्ट ऑनलाइन मागवणं म्हणजे शेजारच्या दुकानदाराच्या पोटावर पाय देणं. लोकल दुकानात म्हणे माणुसकी मिळते, शंका विचारता येते, चुकलं तर बदलून मिळतं. खाली लोकांनी हात जोडलेत, डोळे पुसलेत. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

माझी २०११ ची पल्सर १५० बाइक. पुढच्या डिस्क ब्रेकचं लिव्हर दाबून धरलं की हळूहळू आत जायचं, बाहेर कुठे तेलाचा थेंब नाही. म्हणजे मास्टर सिलिंडरची किट, लिव्हरजवळ ब्रेक ऑइल दाबणारा पिस्टन आणि त्याची रबरं, गेली. शनिवारी पुण्याच्या नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या बाजारात गेलो. वीस मिनिटं उभा. काउंटरवर तेलकट काच, काचेखाली देवांचे फोटो आणि तीन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर. मालकांनी मोबाइलवरून नजर न उचलता विचारलं, “काय?” सांगितलं. “यूजी थ्री का फोर?” यूजी म्हणजे अपग्रेड, गाडीची कितवी सुधारित आवृत्ती ते. म्हटलं २०११ ची आहे. “साल नको, यूजी सांग.” मग स्वतःच एक पुडकं समोर फेकलं. “उघडून बघू का?” “उघडलं की घेतलं.”

घरी येऊन बघतो तर पिस्टन बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भोकात, शिरतच नाही. तासाभरात परत गेलो. त्यांनी तोंड उघडलं नाही, पेनाने फक्त पाटी दाखवली: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. बिल मागितलं तर, “बिल हवं तर जीएसटी वर लागेल.” पुडक्यावर छापलंय सर्व करांसह!

तेवढ्यात एक मेकॅनिक आला. “शेठ, ॲक्टिव्हाचा बेल्ट, दोन रोलर सेट, लिहून ठेवा.” अर्ध्या मिनिटात माल हातात, वर चहा. माणुसकी आहे हो, नाही असं नाही. फक्त ती माझ्यासाठी नव्हती.

गल्ल्यावरचा:
आमचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. तुमचं ते दुकान आमचं नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर उद्या दगड घेऊन याल.

पल्सर १५० म्हणजे एक गाडी असं तुम्हाला वाटतं. आम्हाला ती सात-आठ गाड्यांसारखी आहे. २०१७ ला प्रदूषणाचा नवा नियम बीएस फोर आला, २०२० ला बीएस सिक्स, मधेच मागेही डिस्क असलेली आली, त्याआधीचे यूजी वेगळेच. दरवेळी काहीतरी बदलतं आणि जुना माल आमच्या माळ्यावर पडून राहतो. तो कंपनी परत घेत नाही, तेव्हा पाटी कुणाला दाखवू?

आणि गिऱ्हाईक कसं येतं? “ते गोल रबर असतं ना, ब्रेकच्या तिथलं.” एकजण सीडीआय, म्हणजे स्पार्क देणारा इलेक्ट्रॉनिक डबा, घेऊन गेला, वायरिंगमध्ये शॉर्ट होता, लावला, जाळला आणि पुन्हा पुडक्यात घालून आणला, “चालत नाही” म्हणून. वास येत होता जळका! मेकॅनिकला चहा देतो, कारण तो रोज येतो. तुम्ही दोन वर्षांतून एकदा येणार, तेही ऑनलाइनचा भाव मोबाइलवर दाखवायला.

स्कूटरवाली_ठाणे:
गल्ल्यावरचे दादा, मी गोल रबर मागितलं नव्हतं. व्हेरिएटरचे, म्हणजे स्कूटरच्या ऑटोमॅटिक गिअरमधले, रोलर मागितले होते, जुने सहाच्या सहा डबीत घालून नेले होते, एका बाजूने झिजून चपटे झालेले. दुकानदाराने डबीकडे बघितलं नाही, माझ्या मागे बघितलं. कोणी पुरुष येतोय का ते. मग म्हणाला, “मॅडम, गाडी मेकॅनिककडे द्या, तो घेऊन जाईल.”

मेकॅनिककडेच दिली होती आधी! त्याच्या बिलात बेल्ट आणि रोलर दोन्ही होते. दोन महिन्यांनी कव्हर उघडलं तर बेल्ट तोच, कडेला मी मार्करने केलेली खूण तशीच. म्हणून तर स्वतः करायला घेतलं. आता सांगा, मेकॅनिकला चहा का मिळतो.

वाकडा_स्पॅनर:
कमिशन. सगळ्या पेठेला माहीत आहे, पाटी तेवढी लावत नाहीत.

गल्ल्यावरचा:
कमिशन नाही, डिस्काउंट. घाऊक घेतो त्याला मिळतो. किराणावालाही देतो. शिवाय मेकॅनिकचं खातं दिवाळीला मिटतं, कधी त्या दिवाळीलाही नाही. ती उधारी आम्ही पोसतो, तुम्ही नाही.

ताई, तुमच्या बाबतीत झालं ते चूकच आहे. ते मान्य.

रांगडा_आरएक्स:
तुमच्या पल्सरचं काय रडगाणं लावलंय हो. कंपनी चालू आहे, पार्ट छापत्यात. आमची आरएक्स हंड्रेड बाइक कंपनीनं १९९६ लाच बनवायची बंद केली. आता कोल्हापुरात दुकानात पिस्टन मागायला गेलं की पहिलं बघत्यात माणूस किती वेडा आहे, मग भाव सांगत्यात. ‘जपानी माल आहे’ म्हणून जे देत्यात त्यावर जपानीतली अक्षरं पण उलटी असत्यात. स्टँडर्ड साइज मागितला तर ०.५० चा ओव्हरसाइज, म्हणजे अर्धा मिलिमीटर मोठा, पुढं करतोय, वर म्हणतोय “बोअर मारून घ्या, होतंय की.” गाडीसाठी पिस्टन शोधायचा की पिस्टनसाठी गाडी कापायची?

काळी_पल्सर:
आरएक्सवाल्यांना प्रत्येक धाग्यात यायलाच लागतं का?

रांगडा_आरएक्स:
आवाज येतोय म्हणून जळू नका.

निवृत्त_फिटर:
बाळांनो, सगळे चुकताय. अर्ध्या पार्टसाठी स्पेअरच्या दुकानात जायचंच कशाला? चाकाच्या बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. ६३०१ म्हणजे जगात कुठेही ६३०१. आत १२ मिलिमीटर, बाहेर ३७, रुंदी १२. गाडीच्या कंपनीच्या पुडक्यात घेतलं तर पुडक्याचे पैसे, बेअरिंगच्या दुकानात घेतलं तर बेअरिंगचे. ऑइल सीललाही मापं असतात. जुना पार्ट पुसा, नंबर वाचा आणि मग माणसांशी भांडा.

काळी_पल्सर:
काका, हेच करून बघितलंय. “१२ चं बेअरिंग द्या” म्हटलं, ६२०१ आलं. हबमध्ये टाकलं तर वाटीत चमचा फिरावा तसं फिरलं.

निवृत्त_फिटर:
मग चूक तुमची. आतलं भोक दोघांचंही १२ च. ६२०१ बाहेरून ३२ असतं, ५ मिलिमीटर मोकळं राहणारच. भोक सांगून बेअरिंग मागतात होय? नंबर सांगायचा, पूर्ण नंबर.

वाकडा_स्पॅनर:
पूर्ण नंबर म्हणता, मग पुढची अक्षरं का गाळता? दोन्ही बाजूंना रबर सील म्हणजे टूआरएस. झेडझेड म्हणजे पत्र्याचं शील्ड, त्यातून आपल्या पावसात पाणी आत जातं. सी थ्री म्हणजे क्लिअरन्स, गोळ्यांची आतली मोकळीक, वेगळा. ‘जगात कुठेही ६३०१’ म्हणून झेडझेड टाका आणि जुलैत सिंहगड रस्त्याला जाऊन या, चाक रडत परत येईल.

निवृत्त_फिटर:
मी चाळीस वर्षं बेअरिंगच ठोकली आहेत.

वाकडा_स्पॅनर:
ठोकली, हाच तर प्रॉब्लेम. हबमध्ये बसवताना बाहेरच्या रिंगवर सारखा दाब द्यायचा असतो. आतल्या रिंगवर हातोडा पडला की गोळ्यांच्या वाटेला खड्डे. नवीन बेअरिंग पहिल्याच दिवशी म्हातारं.

निवृत्त_फिटर:
मला शिकवू नकोस. तुझ्या वयाचे पोरगे माझ्याकडे पाने पुसायला होते. लाकडी ठोकळा ठेवून मारतात, एवढं तुला व्हिडिओत दाखवलं नसेल.

वाकडा_स्पॅनर:
ठोकळ्याचं आधी बोलला असतात तर मी गप्प बसलो असतो.

स्कूटरवाली_ठाणे:
बेअरिंगचा वेगळा धागा काढा ना. इथे चार जण भांडतायत आणि माझी स्कूटर अजून स्टँडवर आहे.

पावती_द्या:
मूळ विषयावर येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं अनुचित व्यापारी प्रथेत धरलंय. सदोष माल परत घ्यायला नकार देणंही त्यातच. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस. पाटीवर काहीही लिहा, कायदा पाटी वाचत नाही. एमआरपीत सगळे कर आलेले असतात, त्यावर जीएसटी मागणं सरळ बेकायदा. आणि मोटारसायकलच्या पार्टवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ ला २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, ही बातमी काही काउंटरवर अजून पोचायची आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

गल्ल्यावरचा:
साहेब, वाक्य नीट वाचा. ‘सदोष’. त्यांची किट सदोष नव्हती, दुसऱ्या गाडीची होती. एमआरपीवर जीएसटी मागणारा चोर आहे, त्याची बाजू मी घेत नाही.

पावती_द्या:
दुसऱ्या गाडीची कोणी दिली? गिऱ्हाइकाने मॉडेल आणि साल सांगितलं होतं.

गल्ल्यावरचा:
साल सांगितलं, यूजी नाही. बरं, तेवढ्यावर अडू नये, चेसिस नंबरवरून काढता येतं. आम्ही काढतो. शनिवारी संध्याकाळी नाही काढत, हेही खरं.

वाकडा_स्पॅनर:
ऑनलाइनचे पवाडे गाणाऱ्यांसाठी: मी ब्रेक पॅड मागवले, फोटोत माझी गाडी, पुडक्यात दुसरीचे. परतीला ‘उघडतानाचा व्हिडिओ द्या’. मी सुतळी कापतानाचा व्हिडिओ काढतो का? नऊ दिवस गाडी उभी. कोपऱ्यावरच्या दुकानातला पोरगा समोरच्या दुकानात धावत जाऊन दहा मिनिटांत आणून देतो, शिव्या घालत का होईना. तेवढं मात्र लोकलचं खरं आहे. काळी_पल्सर, हे तुम्हालाही माहीत आहे, म्हणून तुम्ही नाना पेठेत गेलात, नाहीतर शनिवारी घरी बसून मागवलं असतंत.

काळी_पल्सर:
गेलो, कारण सोमवारी ऑफिसला जायचं होतं. प्रेमाने नाही गेलो.

निवृत्त_फिटर:
आणि ब्रेकच्या किटसोबत ब्रेक ऑइल बदललंस का? ग्रेड डॉट थ्री का फोर ते ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. कोणी विचारलंच नाही अजून.

काळी_पल्सर:
काका, किट बसली तर ऑइल!

अपडेट देतो, नाहीतर अर्धवट सोडलं म्हणाल. काल कामाच्या दिवशी, दुपारी, दुसऱ्या दुकानात गेलो. जुना पिस्टन फडक्यात बांधून नेला, चेसिस नंबर कागदावर लिहिला. एवढी तयारी मुलगी बघायला जाताना केली नव्हती. काउंटरवरच्या मुलाने कॅलिपरने पिस्टन मोजला, वर माळ्यावर चढला, खाली येऊन पुडकं माझ्यासमोर उघडलं, दोन्ही पिस्टन शेजारी ठेवून दाखवले. बिल मागितलं, तर आधी मालकाकडे बघितलं, मग बिलबुक शोधलं. पाच मिनिटं लागली, खालच्या खणात होतं. ब्रेक घट्ट झालाय.

गल्ल्यावरचे, चेसिस नंबरचं तुमचं म्हणणं बरोबर निघालं. शनिवारचं नाही.

गल्ल्यावरचा:
चहा दिला का?

काळी_पल्सर:
नाही.

रांगडा_आरएक्स:
त्या पोराला माळ्यावर आरएक्सचं डावं साइड कव्हर दिसलं का विचारा की. काळं. खिट्ट्या तुटलेल्या नकोत.